टेकू

लोअर परळला, मालकांच्या काचेच्या खोलीत
आज एक शब्द तीनदा आला: रीबिल्ड.
मी पाण्याच्या बाटल्या मांडत होतो.
किटवाल्याला मीटिंगमध्ये तेवढंच काम.

दहा सामने, एक विजय,
तोही समोरच्यांचा गोली बसमध्ये ओकत होता म्हणून.
पडद्यावर लाल बाण खाली उतरत गेले.
सल्लागार पोरगा चांगला होता. बाणही खरे होते.
आग्नेल मुर्झेलो, वय छत्तीस,
डावीकडे खाली झेपायला उशीर, शून्य पूर्णांक काहीतरी सेकंद.
मला ते त्याच्या पॅडांवरून कधीच कळलं होतं.
उजवं झिजलंय. डावं अजून नव्यासारखं.

रात्री कोच मैदानावरच थांबले, चर्चगेटला.
टँकर उशिरा आलेला, टर्फ अर्धंच भिजलेलं,
निळ्यात गडद निळा, कुणी फळा पुसता पुसता उठून गेल्यासारखा.
म्हणाले, भास्कर, तुला काय वाटतं?
बावीस वर्षांत पहिल्यांदा.

आता मी काय सांगणार?
मी प्रतीक्षानगरच्या संक्रमण शिबिरात राहतो.
शिवडीची आमची बिल्डिंग पाडली तेव्हा बिल्डर म्हणाला होता, तीन वर्षं.
पोरगी तेव्हा बालवाडीत होती,
आता मला चक्रवाढ व्याज समजावते.
पत्र्याआड अजून खड्डाच आहे.
खड्ड्यात तळं झालंय,
आणि तळ्यावर कुठूनशा पाणकोंबड्या आल्यात.

पण हेही सांगायला हवं.
पाडायच्या आदल्या साली कुबलांची गॅलरी
कुंड्यांसकट खाली आली.
टेकू होते की! चांगले जाड, पालिकेच्या नोटिशीसकट.
टेकूंना दोरी बांधून आम्ही कपडे वाळत घालायचो.
कुबलकाकू वाचल्या,
आत चहाचं आधण ठेवत होत्या म्हणून.
तेव्हा पाडायलाच नको होतं
असं माझ्या तोंडून निघणार नाही.

मग जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं.
बाखलाचा फ्लिक अजून गोलीच्या कानाशी शीळ घालत जातो,
पण तो हल्ली बूट एक नंबर मोठा मागतो.
अंगठ्याचं नख गेलंय. कुणाला सांगू नका म्हणाला,
आणि मी सांगून बसलो.
हरकीरत हरल्यावर सगळ्यांच्या स्टिका मोजून पिशवीत भरतो,
कॅप्टनचं हे काम नव्हे.
आणि खोत, एकोणीस वर्षांचा, ज्याच्याभोवती म्हणे नवा संघ उभा करायचाय,
तो बसमध्ये आग्नेलशेजारी बसतो.
आग्नेल त्याला झोपू देत नाही.
त्या कॉर्नरला तू आधी कुणाकडे धावलास? का?
लोणावळा गेलं तरी, का?
हे बाणात कुठे बसतं, मला ठाऊक नाही.

कोच हसले नाहीत. म्हणाले, म्हणजे ठेवू सगळे?
मी म्हटलं, साहेब,
किती दिवसांत बांधणार ते आधी लिहून घ्या.
आणि तोवर आम्ही राहायचं कुठे, तेही.

दादरचा छपाईवाला सकाळपासून फोन करतोय,
पाठीवर कुठली नावं घेऊ?
जुनी अक्षरं तो वाफेवर सोलतो,
पण सगळी जर्सी उन्हाने विटलेली असते
आणि अक्षरांखालचं कापड तेवढं विटलेलं नसतं.
नाव काढलं की नाव जास्तच दिसतं.
नंबर छाप म्हटलं. नावांचं थांब.

एक नंबरची तेवढी घरी आणलीय, कोपरात उसवलेली.
यादी लागो न लागो,
उद्या सहाला तो मैदानावर असणार.
शिबिरातला दिवा पिवळा आहे.
दोनदा दोरा नेढ्याच्या बाजूने गेला,
डावीकडून.
बायको म्हणाली, आण इकडे.
थांब, म्हटलं. जमतंय.