च कुठे लावायचा

तीन आठवडे झाले,
एक पर्याय घर शोधतोय.

काम साधंच. ओळीत नुसती मोकळी जागा हलली असेल
तर तो बदल म्हणून दाखवायचा नाही.
कुणी रात्री टॅबचे स्पेस केले
म्हणून सकाळी चारशे ओळींवर त्याचं नाव नको.
निमिषनं एका बैठकीत लिहिला, सदुसष्ट ओळी,
चाचण्या हिरव्या.
अडलंय ते एवढ्यावरच, की ठेवायचा कुठे.

वैजू म्हणते, ‘फरक’ या कमांडला जोडा,
माणूस बघतो तिथंच.
निमिष म्हणतो, ‘इतिहास’लाही लागेल, उद्या ‘कोणी’लाही,
मग सगळ्या कमांडच्या आधी ठेवा, दाराशी,
चपला काढतात तसा.
मी म्हणते, दाराशी आधीच अकरा जोड आहेत,
त्यातले चार कुणाचे, हे आता कुणालाच सांगता येत नाही,
आणि फेकायची हिंमतही नाही.

एरंडवण्यातली खोली. खाली झेरॉक्सवाला,
त्याचं यंत्र दर सेकंदाला एक होकार देतं.
आमच्यात मात्र एकही नाही.

शनिवारी बोहरी आळीत गेले, कडीचा स्क्रू हवा होता.
ताहेरभाईंच्या भिंतीला तीनेकशे खण,
एकावरही चिठ्ठी नाही.
नवा माल आला की कुठे ठेवता?
म्हणाले, आधी आठ दिवस गल्ल्यापाशी.
गिऱ्हाईक कशाच्या जोडीनं मागतं ते ऐकतो. मग तिथे.
आणि चुकलं तर?
खण बदलता येतो ताई. हात नाही बदलत.
सवय लागली की दिवे गेल्यावरही
तो जुन्याच खणात जातो.

(हे मी निमिषला सांगितलं नाही.
त्यानं यातनंही दारच काढलं असतं.)

रात्री आईचे मेसेज, धनकवडीहून, एकामागून एक.
तूच रविवारी ये.
म्हणजे दादाला पुढे करू नकोस.
तू रविवारीच ये.
म्हणजे शनिवारी प्लंबर आहे.
तू रविवारी येच.
म्हणजे मागचे दोन रविवार
तिनं मोजून ठेवलेत.

अक्षर एक. जिथे टेकतं
तिथे सगळं वजन.
आणि वाक्याच्या तोंडाशी, सगळ्यांच्या आधी,
एकटा च कधी उभा राहत नाही.
व्याकरणाच्या तासाला हे कुणी शिकवलं नव्हतं,
शिकवावं लागलं नव्हतं.

साडेअकराला लॅपटॉप उघडला.
‘फरक’ला जोडला. मदतीच्या पानावर एक ओळ लिहिली,
दोनदा खोडली, लहान केली.
‘इतिहास’चं नंतर बघू, असं लिहिणार होते,
नाही लिहिलं.
कारण एकदा बाहेर गेला की
कुठल्या तरी गोदामातला कुणी तरी
तो आपल्या स्क्रिप्टमध्ये घालेल, नोकरी सोडून जाईल,
आणि ती स्क्रिप्ट रोज पहाटे तीनला
आम्ही दिलेला शब्द
आमच्यापेक्षा इमानानं पाळत राहील.

वैजूनं अंगठा पाठवला. निमिषनं
नुसतं ‘बरं’.
त्या ‘बरं’मध्ये एक फाटा अजून उघडा आहे,
मला माहीत आहे.

रविवारी गेले. मीच.
कडीला स्क्रू लागला नाही.
फरक अर्ध्या सुताचा.
दाखवण्याजोगा.