नव्वद ग्रॅम

काटा म्हणाला, नव्वद ग्रॅम जास्त.
घाम संपला होता, थुंकीही.
आमनान म्हणाली, "कोच, केस."

बुआकेला तिच्या आईने
सहा तास बसून घातलेल्या त्या वेण्या.
मध्येच वीज गेली तेव्हा
शेजारणीने मोबाइलचा उजेड धरला होता म्हणे.
मी कात्री लावली. करकर आवाज झाला,
कोरड्या वाळूत चाललं की होतो तसा.
एकोणपन्नास. बरोब्बर.

दुसऱ्या दिवशी मॅटवर
हेल्मेट सैल. वेण्यांच्या मापाचं ते.
दुसऱ्या फेरीत सरकून डोळ्यावर आलं
आणि त्याच आंधळ्या क्षणी तिची टाच
कझाख मुलीच्या कानशिलावर बसली.
हॉल उठून उभा.
मग तिसऱ्या फेरीत
तेच हेल्मेट, तोच डोळा,
पण लाथ आता समोरून.

वाकून नमस्कार केला तिने, नीट,
हेल्मेट काखेत धरून.

परतताना विमानतळावर
वेण्यांची पिशवी तिने हातातच ठेवली,
सामानाच्या काट्याकडे बघितलंही नाही.
"आईला काय सांगू?"
मी म्हणालो, "वाढतात."
ती हसली नाही.
पिशवीला गाठ मारली, सोडली,
पुन्हा मारली.