डेडस्टॉक

एकवीस वर्षं जिमखान्याची चावी माझ्या कमरेला.
गंगापूर रोडवरून पहाटे पोरी धावत येतात
तेव्हा आधी कुलूप वाजतं, मग शिट्टी.

खो-खोच्या बारा जर्सी, निळ्या.
कॉलरच्या आत शाईनं नावं,
जिनं जिनं घातली तिचं तिचं.
फायनलच्या सकाळी जर्सी उलटी करायची,
नावं मोठ्यानं वाचायची, मग अंगात घालायची.
हे कुणी सुरू केलं, सरांनाही ठाऊक नाही.
सात नंबरात पगार, खाली ठेटे, खाली निकम,
तळाशी, शाई फुटलेलं, भोये.

मंजुळा भोये. सुरगाण्याची.
बूट दिले तर पिशवीत जपून ठेवायची.
पुण्याला आंतरविभागीय फायनलमध्ये
चार मिनिटं एकटी पळाली,
खांबाला नख उलटलं तरी.
एका गुणानं गेली मॅच.
परतीच्या एसटीत सिन्नरपर्यंत कुणी बोललं नाही.
सीबीएसवर उतरून ती तशीच गावच्या गाडीत चढली,
अंगात सात नंबर.

मार्चात तपासणी. साहेब विचारतो,
बाराच्या अकरा कशा?
मी रकान्यात लिहितो : वापरात.
अकरा मार्च झाले.
खोटं लिहिताना माझं अक्षर फार सुरेख येतं.
आणि फायनलच्या सकाळी सातची पाळी आली
की नावं मी तोंडपाठ म्हणतो.

काल आली.
कडेवर पोर, पिशवीत नागलीचं पीठ माझ्यासाठी,
आणि पेपरात घडी घातलेली जर्सी.
"दंड किती झाला, मामा?"
मी रजिस्टर पुढं सरकवलं.
तिनं बोट ठेवून ठेवून वाचलं.
"लावणीला घालायची मी," म्हणाली,
"वाकून वाकून पाठ भिजते ना,
ही लवकर वाळते."

म्हणजे इतकी वर्षं
मी खरंच लिहीत होतो की काय!

जर्सी घेतली नाही.
घेऊन लिहू कुठल्या रकान्यात?

जाताना मैदानात शिरली,
खांबावरून तळवा फिरवला.
"हा घसरतो. जुना कुठं गेला?"
निर्लेखित, मी म्हणालो.
या शब्दाचा अर्थ सांगता सांगता
तिची गाडी चुकायची वेळ आली.