खर्चीवाला

आमच्या इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात
हे मी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं.
सगळे हसले, चांगल्या मनानं.
टुंडेनं विचारलं, मग तिकडे मँचेस्टरला काय म्हणतात?
काही नाही. मँचेस्टरचा विषयच निघत नाही तिकडे.

इथे माग नाहीत.
अँकोट्सला कालव्याच्या कडेला गिरण्या आहेत, लाल विटांच्या,
आत फ्लॅट, फ्लॅटमध्ये विटा मुद्दाम उघड्या ठेवलेल्या,
आणि दर शनिवारी साडेदहा ते तीन, मी.
पाहुणे गेले की चादरी बदलायच्या.
अप्पांची पीक काच माझ्या पर्समध्ये असते,
पितळेची, घडीची, इंचभरात धागे किती ते मोजायची.
एकदा खिडकीशी चादर धरून मोजले.
एकशे दहा.
लेबल कुणीतरी कापून टाकलेलं होतं.

मंगळवारी ऑग्डनबाईंचा सेमिनार.
शेजारच्या इमारतीत अर्थशास्त्राची मुलं
मागणीची रेघ पुरवठ्याच्या रेघेला भिडवतात.
आमच्यात विचारतात, कागद कुणाचा?
एवढ्या एका प्रश्नासाठी मी हा विषय घेतला.
फोनवर अप्पांना नाव सांगितलं: राजकीय अर्थशास्त्र.
"म्हणजे निवडणुकीला उभारणार हाईस व्हय?"

बाईंनी फळ्यावर दोन रकाने पाडले.
डावीकडे ज्यांची साधनं, उजवीकडे ज्यांचे नुसते हात.
आपापल्या घरची माणसं भरा म्हणाल्या.
इमोजेननं आजोबांना डावीकडे टाकलं, न लाजता.
टुंडेची आई उजवीकडे: सॅल्फर्ड, नर्स, रात्रपाळी.
मी मार्कर धरून उभी.

अप्पांचे माग आठ.
सूत त्यांचं नाही, कापड त्यांचं नाही.
व्यापारी बीम पाठवतो, मीटरमागे मजुरी ठरवतो,
ती कधी द्यायची तेही तोच ठरवतो.
ह्याला आमच्याकडे खर्चीवाला म्हणतात.
इंग्रजीत सांगायला गेले
तर पाच वाक्यं झाली आणि अप्पा त्यात दिसेनात.
व्यापाऱ्याच्या पेढीवर ते उजवीकडचे, चप्पल बाहेर काढून.
आणि बाळेशपुढे?

बाळेश अथणीकडचा. एकटा चार माग बघायचा.
तुटलेला धागा न बघता कसा गाठायचा
ते त्यानं मला शिकवलं, मी दुसरीत असताना.
बावन्न पिकाला इतके पैसे, म्हणजे पैसेच, रुपये नव्हेत.
संपात तो आमच्याच फाटकाबाहेर बसला, एकोणतीस दिवस.
आई चहा पाठवायची.
अप्पा खिडकी लावून घ्यायचे.
तिघांतलं कुणी कुणावर चिडलं नव्हतं,
असं मी निबंधात लिहिलं.
समासात बाईंची पेन्सिल: कशावरून?

त्या दिवशी फळ्यावर काहीच लिहिलं नाही मी. वेळ संपली.

दुसऱ्या वर्षाच्या फीत
शिष्यवृत्ती वजा जाता जे भगदाड उरलं
त्यात चार माग गेले. भंगारात, किलोवर.
अप्पांनी वजन सांगितलं, दर सांगितला नाही.
आणि बाळेश?
"त्याला हिशेब दिला की. उरलेले चार मीच चालवतो."

म्हणजे आता अप्पांना उजवीकडे लिहिता येईल.
बाळेशला कुठे लिहू?
आणि चादरी बदलणाऱ्या ह्या मुलीला,
जिच्या शिकण्यात चार मागांचं लोखंड आहे
आणि त्याच्या किती वर्षांची पिकं,
जी कुठल्याच काचेतून मोजता येत नाहीत?

शनिवारी तीनला सुटून कालव्यावर येते, फोन लावते.
तिकडे दिवेलागण झालेली असते.
अप्पा मागांच्या आवाजावरून ओरडत बोलतात,
जेवलीस का, थंडी हाय का, पेपर कधी.
मध्येच म्हणाले, "थांब, धागा तुटला,"
आणि फोन तसाच ठेवून गेले.

तीन मागांचा खडखडाट
मी त्या पाण्याशेजारी उभी राहून ऐकला.
एक बाई कुत्रा घेऊन गेली, वळून बघितलं तिनं.
चौथा सुरू होईपर्यंत
मी फोन कानाचा काढला नाही.