बारा सीटांचं विमान

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा.
खाली मोबाईल दुरुस्ती आणि मालवणी खानावळ,
वर, दुसऱ्या मजल्यावर, आमचं विमान.
प्लायवुडचं. बारा सीटा, सहा खिडक्या,
खिडक्यांत ढगांचे स्टिकर.
एका ढगाचा कोपरा सुटलाय,
आतून भिंत दिसते, आणि भिंतीवर
कुणीतरी पेनानं लिहिलेलं : प्राची, बॅच नऊ.

मी दाराशी बसते.
टेबलावर पितळी पट्टी : करिअर काउन्सेलर.
दिवसाला साठ फोन,
बारावीचा निकाल लागला की ऐंशी.
यादी कुठून येते ते विचारायचं नसतं.
‘अभिनंदन, तुमची निवड झाली आहे’ म्हणायचं.
निवड कुणीच केलेली नसते,
तरी पलीकडे क्षणभर जो श्वास अडकतो
तो खरा असतो.

आज ढेबे आले, मुलीला घेऊन.
तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी, कांदा-बटाटा.
मानेवर गोण्यांनी पडलेला घट्टा,
इस्त्रीच्या शर्टाची कॉलर त्यावर बसत नव्हती.
विमानात शिरताना त्यांनी चपला काढल्या.
राहू द्या काका, मी म्हणाले.
नको, म्हणाले, लेकरं शिकत्यात हितं.

एक लाख पस्तीस हजार.
गणवेश वेगळा, मेकअपची पेटी वेगळी.
‘नोकरी लागंल न्हवं?’
आमच्या कागदावर छापलंय
शंभर टक्के प्लेसमेंट
आणि त्याखाली, मुंगीएवढं, सहाय्य.
ढेबे चष्मा घरी विसरलेत.

मी बॅच चारची.
याच ट्रेमधून तीन नंबरच्या सीटला पाणी दिलं,
सीटवर कुणी नव्हतं,
‘थंड की साधं, सर?’ असं विचारून दिलं.
एकवीस जणी होतो.
एक खरंच उडाली. तिचा फोटो जिन्यात आहे,
दर नव्या बॅचला त्याच्याभोवती फुगे लावतात.
दोघी मॉलमध्ये अत्तराच्या काउंटरवर.
एक ऐरोलीत दवाखान्याच्या रिसेप्शनला,
ती म्हणते, ही नोकरी मला मावशीनं दिली.
एकीचं लग्न झालं, बायोडेटात डिप्लोमा होता,
सासऱ्यांना आवडला.
बाकीच्यांचे नंबर लागत नाहीत.
मी तीन महिने घरी बसले,
मग सरांनी बोलावून इथे बसवलं.
रजिस्टरात माझ्या नावासमोर हिरव्या शाईत लिहिलंय :
प्लेस्ड.

पण सगळंच खोटं होतं, असं तरी कसं म्हणू?
इथे येण्याआधी मी बँकेतल्या शिपायालाही साहेब म्हणायचे,
पावती चुकीची आली तरी घेऊन यायचे घरी.
इथेच शिकले ताठ उभं राहायला,
समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायला.
त्याच डोळ्यांत बघून
आता मी फी सांगते.

ढेब्यांनी पतपेढीचा कागद काढला. नव्वद हजार मंजूर.
उरलेल्याचे हप्ते करा म्हणाले.
अक्षदा सीटवर बसून पट्टा लावून बघत होती.
पट्टा तेवढा खऱ्या विमानातला, सर सांगतात.
टक्. पुन्हा काढला, पुन्हा लावला. टक्.
‘मॅडम, तुम्ही बसलाय का विमानात?’

उत्तर नसेल तेव्हा हसायचं, शिकवलंय आम्हाला,
वरचे आठ दात दिसतील एवढंच.
मी हसले.
मग काय झालं कोण जाणे,
काचेपलीकडे सर बसलेले असताना
मुंगीएवढ्या शब्दावर बोट ठेवलं :
काका, हे एकदा मोठ्यानं वाचून दाखवते.
ढेबे म्हणाले, वाचायचं काय त्यात,
तुमी शिकलेल्या हाय, तुमी सांगताय म्हंजे बराबरच असणार,
आणि सही कुठं करायची विचारलं.

तिकडे अक्षदा
सुटलेला ढग अंगठ्यानं दाबत होती.
दाबला की बसायचा, सोडला की उठायचा.
मॅडम, ती म्हणाली,
फेविकॉल आहे का?