एकाहत्तर नंबरची पँट

दारावरची पाटी मीच बदलते.
तसं ते माझं काम नव्हे.
माझं काम कपडे: शंभरेक जर्सी, तितक्याच पँटी,
मोजे कुणी मोजत नाही.
पण स्क्रूड्रायव्हर माझ्याच खणात असतो,
त्यामुळे अर्लिस, जरा बघ ना.

रॉस केटेलसन थँक्सगिव्हिंगच्या आधीच गेला.
अकरा सामने, नऊ हारलेले,
त्यातल्या चारांत भोपळाही फुटला नाही.
जाताना मग विसरला, की मुद्दाम ठेवला.
त्याच्या पाटीचे स्क्रू मी डबीत टाकले,
आधीच्या सहा जणांच्या स्क्रूंत.
आता कुठला कुणाचा, ओळखू येत नाही.

नवा जानेवारीत आला, उणे एकोणतीसमध्ये,
मिसिसिपीची नंबरप्लेट, पातळ जाकीट,
मागच्या सीटवर झोपलेली मुलगी.
बीटाच्या साखर कारखान्याचा वास
नाकात गोठला तेव्हा त्याने विचारलं,
कुणी मेलंय का इथे?
मी त्याला वायर दिली.
आमच्याकडे गाडीसुद्धा रात्री प्लगला लावतात,
फोनसारखी.
त्याला वाटलं मी थट्टा करतेय.
सकाळी गाडी सुरू झाली नाही.

डिमेट्रियस पूल. पाटीत अक्षरं मावेनात.

चर्चच्या तळघरात, कॉफीभोवती,
सगळ्यांना त्याचा पगार पाठ.
ऑर्विल स्टेन्सरुड म्हणाला, या वाऱ्यात
चेंडू फेकायचा नसतो, पोटाशी धरून पळायचं असतं.
गेली चाळीस वर्षं तो हेच म्हणतोय.
नव्याचे नऊ दिवस, कुणीतरी म्हणालं,
आणि केक कापला.

फळ्यावरचे केटेलसनचे बाण पुसूनही जात नव्हते.
पूलने त्यांच्यावरच आपले काढले.
ज्याला काल 'बदक' म्हणत, त्याचं नाव आता 'खिडकी'.
'खिडकी' म्हणजे जे होतं, ते 'आत्याबाई'.
टॅनर व्रूमन जेवताना पुटपुटत बसायचा,
चमच्याने टेबलावर रेघा ओढायचा.
तोच डावा कोपरा, तीच सात पावलं,
पोराने तिसऱ्यांदा नावं पाठ केली.

फेब्रुवारीत एका रात्री
पूल धुलाईखोलीत आला.
मला वाटलं टॉवेल हवाय.
उलट्या बादलीवर बसला,
ड्रायर फिरताना पाहत राहिला,
मग म्हणाला, चित्रफिती सगळ्या पाहिल्या.
तुम्हाला काय दिसतं?

एकवीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मी आधी घडी पुरी केली.
मग सांगितलं:
आमची माती काळी आहे, सहज निघत नाही.
एकाहत्तर नंबर, आमचा हाउगेन,
त्याचा उजवा गुडघा दर शनिवारी काळा.
डावा स्वच्छ.
तो आधी टेकतो, मग ढकलतो.
आणि टॅनरच्या जर्सीला गवत लागतं ते छातीवर,
पाठीवर कधीच नाही.
येणारा त्याला दिसतच नाही.

पूल काही बोलला नाही.
तळहातावर पेनाने काहीतरी लिहिलं,
'थँक यू, मॅम' म्हणाला, दक्षिणेतले म्हणतात तसं,
आणि जाताना दार नीट ओढून घेतलं.
ते दार सहसा कुणी ओढत नाही, थंडी आत येते.

मी मशीनमध्ये पुढचा ढीग टाकला.
साबण दोनदा घातला, लक्षात आलं नाही.

एप्रिलात बर्फ गेला,
मैदानावर पहिला सराव झाला, चिखलात.
पोरं एकमेकांवर नवी नावं ओरडत होती,
अर्धी चुकीची.
टॅनरने फेकलेला एक चेंडू वाऱ्याने उचलला
आणि बँडवाल्यांच्या ढोलावर नेऊन टाकला.
ऑर्विल कुंपणापाशी उभा होता,
त्याला हवं ते मिळालं.

संध्याकाळी मी ढिगातून एकाहत्तर शोधली,
उजेडाकडे धरली.
दोन्ही गुडघे काळे.

याचा अर्थ काय, ते पूललाच ठाऊक.
मी ती वेगळी ठेवली, न धुता,
उद्या त्याला दाखवायला.
पाटीचा एक स्क्रू सैल झालाय,
तोही बघायचाय.