चराची पेटी

वेंगुर्ल्यात, बंदराच्या वाटेवर गटाराचं काम:
दोनशे मीटर चर, नऊ फूट खोल.
वर जांभा, खाली पुळण.
पुळण कुणाचं ऐकत नाही.

कोल्हापूरचा माणूस फोनवर:
पोलादी पेटी, दिवसाचं भाडं अडीच हजार,
ट्रकचं वेगळं.
विकत घेतलीत तर चार लाख,
मग खारा वारा तुमचा.

दाजी कुबल सिमेंटच्या पावतीमागे
गुणाकार करतात, खोडतात.
पुढचं टेंडर लागलं तर विकतच.
नाही लागलं तर परड्यात गंजेल,
कोंबड्या अंडी घालतील आत.

यमनप्पा चराच्या काठावर
चपलेतली वाळू झटकत विचारतो,
"पेटी सरकवण्यात वेळ जाणार, मालक.
मजुरी फुटावर, की रोजावर?"

हा आकडा
दाजींनी धरलाच नव्हता.
पावती उलटी-सुलटी करून पाहिली.
काठाची ओंजळभर पुळण
तेवढ्यात आपणहून खाली ओघळली.